घाटमाथ्यावरची उजळणी

जानेवारी संपत आला की आमच्या मावळातल्या दहावीच्या मुलांच्या दप्तरात एक नवी वही दिसायला लागते. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘आयएमपी’ लिहिलेलं असतं. आत कुणाकडून तरी उतरवून घेतलेले प्रश्न, गाइडमधली उत्तरं आणि हायलायटरने पिवळ्या-गुलाबी केलेल्या ओळी. पेपर येईपर्यंत ही वही पुन्हा पुन्हा वाचली जाते. मी लोणावळा-पुणे लोकलच्या वाटेवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि या वहीशी माझं जुनं भांडण आहे. नाणे मावळातून, आंदर मावळातून पहाटे निघून शाळेत येणारी ही मुलं कष्टाला मागे हटत नाहीत. म्हणूनच त्यांचे कष्ट वाया गेलेले मला बघवत नाहीत.

वाया का जातात, ते सांगते. तेच पान चौथ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटू लागतात आणि मुलाला वाटतं, हे मला येतं. ओळखणं आणि आठवणं यांत फार अंतर आहे. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, तिथे फक्त आठवणं उपयोगाला येतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं सकाळी आठवतं आणि आठ दिवसांनी उडून जातं, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. तो का येतो, हे या प्रयोगातून कळतं.

त्यामुळे आमच्या वर्गात उजळणीची सुरुवात पुस्तक मिटवून होते. कोऱ्या कागदावर धड्याचं नाव, आणि खाली जे आठवेल ते: आकृती, सूत्र, एकक, उदाहरण. मग पुस्तक उघडायचं आणि राहून गेलेलं लाल पेनाने लिहायचं. पुढच्या वेळी अभ्यास लाल अक्षरांचाच. तीन-चार दिवसांनी तोच धडा पुन्हा कोऱ्या कागदावर. हे वाचनापेक्षा जड जातं आणि पहिल्या दिवशी मुलं हिरमुसतात, कारण आपल्याला किती येत नाही ते समोर दिसतं. ते आत्ता दिसलेलं बरं.

दहावीचं विज्ञान दोन भागांत आहे. प्रत्येक भागाचे दहा धडे, चाळीस गुणांची दोन तासांची लेखी परीक्षा, शिवाय प्रात्यक्षिकाचे गुण. वीस धडे म्हटलं की मुलं धास्तावतात. खरं तर या वीस धड्यांच्या पोटात मोजक्याच संकल्पना आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा आमच्या घाटमाथ्यावर उघड्या डोळ्यांनी बघता येतात.

‘उष्णता’ हा धडा घ्या. अप्रकट उष्मा, दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता हे शब्द मुलं व्याख्येसकट पाठ करतात आणि ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आलं की अडतात. मी त्यांना विचारते, जुलैत लोणावळ्यात कपडे का वाळत नाहीत? हवेत सामावणाऱ्या बाष्पाला तापमानानुसार मर्यादा असते. 30 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत साधारण 30 ग्रॅम बाष्प मावतं, 20 अंशांना जेमतेम 17 ग्रॅम. समजा घाटाखाली खोपोलीच्या बाजूला 30 अंशांच्या हवेत घनमीटरमागे 22 ग्रॅम बाष्प आहे. 22 भागिले 30, गुणिले 100. सापेक्ष आर्द्रता झाली सुमारे 73 टक्के. पश्चिमेचा वारा ही हवा सह्याद्रीवर चढवतो. वर दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंशाने थंड होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे इथे पोचेपर्यंत ती 24 अंशांवर येते, आणि 24 अंशांना हवेत 22 ग्रॅमच बाष्प मावतं. हाच दवबिंदू. गणित ढोबळ आहे, पण राजमाचीच्या वाटेवर अंगावर येणारा ढग त्यातून बरोबर निघतो. हवा आणखी चढली की जास्तीचं बाष्प थेंब होऊन कोसळतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तीच हवा पूर्वेला उतरताना गरम होते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते, आणि पुण्यापर्यंत पाऊस सात-आठशेवर येतो. आमची मुलं रोजच्या लोकलच्या प्रवासात हा फरक खिडकीतून बघतात. एकदा हे जुळलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही, आणि भूगोलाच्या पेपरातला प्रतिरोध पाऊसही हाताशी येतो.

याच घाटाने मुंबईला वीज दिली. जमशेटजी टाटांच्या मनातली ही योजना त्यांच्या मृत्यूनंतर उभी राहिली. 1911 साली लोणावळ्यात धरणाच्या कामाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी 1915 मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत पावसाळ्याचं पाणी साठवायचं आणि मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडायचं, अशी ती रचना. ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ या धड्यातली जलविद्युत केंद्राची आकृती मुलं काढतात, बाणही दाखवतात. पण त्या आकृतीत आकडे घातल्याशिवाय ती जिवंत होत नाही. गच्चीवर हजार लिटरची टाकी असते, तेवढं पाणी घ्या. वस्तुमान 1000 किलोग्रॅम, गुरुत्व त्वरण 9.8, उंची 500 मीटर. तिन्हींचा गुणाकार 49 लाख ज्यूल. घरच्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे एवढी टाकी घाटमाथ्यावरून खाली आली, तर वाटेतली घट सोडून सव्वा-दीड युनिटच्या दरम्यान ऊर्जा मिळते. हजार वॅटची इस्त्री तासाभराहून थोडी जास्त चालेल एवढीच. हे उत्तर आलं की वर्गात क्षणभर शांतता होते, मग कुणीतरी घरातला पंखा बंद करायची आठवण काढतं. स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा, टर्बाइन, जनित्र, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, ज्यूल आणि युनिट: तीन धडे एका गणितात बसतात. म्हणूनच मी धडा संपवून पुढचा धडा अशी उजळणी घेत नाही.

त्याच घाटात रेल्वेही आहे. कर्जतहून वर चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात, कारण चढ 37 मीटरला 1 मीटर इतका खडा आहे. आताची नवी विद्युत इंजिनं उतारावर ब्रेक लावताना आपल्या मोटरांचं जनित्र करतात आणि वीज तारेत परत पाठवतात. मोटर आणि जनित्र यांतला फरक विचारला की फ्लेमिंगचा डावा हात कुठला आणि उजवा कुठला यावर मुलं गोंधळतात. विजेपासून गती तिथे डावा, गतीपासून वीज तिथे उजवा. घाट चढताना डावा, उतरताना उजवा.

प्रकाशाच्या अपवर्तनावर मी जास्त वेळ देते आणि त्याचं कारण गुणांपलीकडचं आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33. त्यामुळे वरून सरळ खाली पाहिलं तर तळ खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशावर दिसतो. बारा फूट पाणी नऊ फूट भासतं, आणि काठावर उभं राहून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. पवना धरणाच्या काठाला, इंद्रायणीच्या डोहांत दरवर्षी पाण्याचा अंदाज चुकून माणसं बुडतात. आमच्या मुलांची गावं त्या काठांवर आहेत. किरणाकृती काढताना प्रत्येकाने ही गोष्ट स्वतःच्या हाताने त्या आकृतीत पाहावी, हा माझा हट्ट आहे.

धातूंचं क्षरण आम्ही चटकन उरकतो, कारण पावसाळ्यात गंजलेला पत्रा प्रत्येकाच्या घरी आहे. एवढंच लक्षात ठेवायला सांगते: जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून जस्तविलेपन केलेल्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. कथिल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील. कथिलाचा थर खरवडला गेला की लोखंडाची खैर नाही. क्रियाशीलता श्रेणी इथे कामाला येते.

आनुवंशिकता आली की मी वाटाणा बाजूला ठेवून भात घेते. इंद्रायणी तांदूळ मावळातल्या भात संशोधनातून आला आणि 1987 साली शेतकऱ्यांपर्यंत पोचला. त्याचे पूर्वज आंबेमोहोर 157 आणि आयआर 8. आंबेमोहोर सुवासिक, पण उंच आणि वाऱ्या-पावसात लोळणारा. आयआर 8 फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 साली दिलेला. बुटका, ताठ, भरपूर पिकणारा. आयआर 8 चा बुटकेपणा अप्रभावी गुण आहे. उंच आणि बुटक्याचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी रोपं उंच, दुसऱ्या पिढीत साधारण तीनास एक. मेंडेलने वाटाण्यात मोजलेलं प्रमाण हेच. पुढच्या पिढ्यांमधून हव्या त्या गुणांच्या जोड्या निवडत जायचं. ज्या मुलाने आषाढात चिखलात लावणी केली आहे, त्याला नववीपासून घोकलेलं ते प्रमाण आता आपल्या बांधावर दिसतं, आणि वर्गात कधी न बोलणारा तोच उठून लोळणाऱ्या भाताचं नुकसान समजावून सांगतो.

एवढं सगळं समजलं तरी पेपरात गुण जातातच, ते सरावाअभावी. एकक न लिहिणं, आकृतीला नावं न देणं, समीकरण संतुलित न करणं, ‘फरक स्पष्ट करा’ला परिच्छेद लिहिणं. यासाठी घड्याळ लावून जुने पेपर सोडवण्यावाचून उपाय नाही. शेवटच्या रात्री मात्र मी कुणालाही नवं काही वाचू देत नाही. झोपेत मेंदू दिवसभराचं शिकलेलं पक्कं करतो.

पालक मला विचारतात, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार? मी म्हणते, रोज संध्याकाळी एक धडा तुम्हाला समजावून द्यायला सांगा, आणि कळलं नाही तिथे ‘म्हणजे काय?’ विचारा. पवन मावळातल्या एका मुलीने आईला भाकऱ्या करताना बाष्पीभवन समजावलं. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफेला लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून जाते, म्हणून पाणी गार. आईने विचारलं, मग पावसाळ्यात माठ का गार होत नाही? मुलीकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती फळ्यासमोर उभी राहिली आणि सापेक्ष आर्द्रता 100 टक्क्यांजवळ गेली की बाष्पीभवन का मंदावतं, ते तिने मला लिहून दाखवलं. खाली एक ओळ वाढवली होती: कपडे न वाळण्याचं कारणही हेच.