तारेतला पीळ

'इथरनेट' या शब्दात एक मेलेली कल्पना जिवंत आहे. प्रकाशलहरी वाहून नेणारा 'ईथर' विश्वभर भरून राहिला आहे, असे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत. मायकेलसन-मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही. तरीही १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणकांच्या जाळ्याला तेच नाव दिले.

आजच्या केबलचे मर्म मात्र त्याहून जुने आहे. दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याची युक्ती ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनसाठी १८८१ मध्ये काढली. जोडीतल्या दोन तारांतून एकच संदेश उलटसुलट जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळामुळे दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो; पलीकडचे यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचते आणि गोंगाट वजा होतो. केबलमधल्या चारही जोड्यांचा पीळ कमीजास्त ठेवतात, तोही एकीची कुजबुज दुसरीने ऐकू नये म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ गेला की सुंभाला किंमत नाही. टोकाला प्लग बसवताना तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ उकलू नये, हा नियम त्यासाठीच. घाईतला कारागीर नेमका तिथेच चुकतो.

निवड फार अवघड नाही. 'कॅट ५ई' शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेते; बहुतेक घरांना ते पुरते. पण भिंतीत गाडलेली तार पुन्हा रंगकाम निघेपर्यंत कोण बदलतो? तिथे 'कॅट ६' घालावी; दहा गिगाबिट ती सुमारे पंचावन्न मीटर नेते. तोच वेग पूर्ण शंभर मीटर हवा, तर 'कॅट ६ए'. 'कॅट ८' तीस मीटरांची, डेटा सेंटरसाठी. घरात ती म्हणजे हौस.

खरा धोका आकड्यात नाही, धातूत आहे. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर असतो. खोक्यावर 'सीसीए' ही अक्षरे बारीक छापलेली असतात, कधी तीही नसतात. तिचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपट. याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची असेल, तर तार तापते आणि दूरच्या कॅमेऱ्याला पुरेसा दाब मिळत नाही. वाकवताना ती तुटतेही लवकर. दुकानातच टोक ब्लेडने खरवडून पाहावे: आत चंदेरी दिसले तर खोके परत. दुकानदार रागावेल, रागावू दे.

धातूचे आवरण असलेली महाग केबल फ्लॅटमध्ये सहसा लागत नाही, आणि अर्थिंग धड नसेल तर त्या आवरणाचा फारसा उपयोगही नाही. त्यापेक्षा विजेच्या तारांच्या पाइपातून ही केबल नेऊ नये, वेगळा पाइप टाकायला सांगावे, प्लास्टर होण्याआधी.