फोन यंत्रणा फुकट मिळते, राखण आपल्यालाच करावी लागते

१९९९ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर हा विद्यापीठात शिकणारा तरुण लिनक्स वापरणाऱ्यांना मदत देणारी छोटी कंपनी चालवत होता. ग्राहकांचे फोन घेण्यासाठी ऑफिसला लागते तशी फोन यंत्रणा त्याला परवडत नव्हती. म्हणून त्याने ती स्वतःच लिहिली आणि सर्वांसाठी खुली केली. तीच ॲस्टरिस्क.

आज छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्या आपल्या तरुणांनाही ती वापरता येते. एकच नंबर, 'विक्रीसाठी एक दाबा' असा आवाज, प्रत्येकाला वेगळे एक्स्टेंशन, रेकॉर्डिंग. हे सगळे एका साध्या संगणकावर चालते. माणसे वाढली तरी ॲस्टरिस्कसाठी जादा लायसन्स घ्यावे लागत नाही. कमांड लिहायची सवय नसेल तर फ्रीपीबीएक्स बसवा, मग बरीचशी कामे ब्राउझरमधूनच होतात. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन, म्हणजे सिप ट्रंक, मात्र विकत घ्यावी लागते. ती परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्या. परदेशातले कॉल इंटरनेटवरून आणून लोकल म्हणून सोडणारे 'स्वस्त' जोडीदार भेटतील, पण तो गुन्हा आहे.

एका कॉलला दोन्ही दिशांनी साधारण १०० केबीपीएस धरा. म्हणजे पाच कॉलना इंटरनेट पुरते. अडते ते लाइट गेल्यावर. यूपीएस संगणकाला लावतात आणि राउटर विसरतात!

खरा धोका वेगळाच आहे. यंत्रणा इंटरनेटवर उघडी ठेवली की ५०६० या पोर्टवर अनोळखी प्रोग्राम दार ठोठावू लागतात. एक्स्टेंशन १०१ आणि पासवर्डही १०१, असे आढळले की ते आत शिरतात. मग रात्री, ऑफिस बंद असताना, परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल सुरू होतात. त्या नंबरांच्या कमाईत चोरांचा वाटा असतो आणि बिल आपल्या नावावर येते. छोट्या दुकानाचे भांडवल एका शनिवार-रविवारात जाऊ शकते.

म्हणून आंतरराष्ट्रीय कॉल लागत नसतील तर ते ट्रंक देणाऱ्या कंपनीकडेच बंद करून घ्या आणि खर्चाला मर्यादा घाला. पासवर्ड लांब आणि प्रत्येकाचा वेगळा ठेवा. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधून आत घ्या, फेल-टू-बॅन चालू ठेवा. अपडेट टाळू नका, आणि बॅकअप त्याच संगणकावर ठेवू नका.