पोरांची चित्रं रद्दीत देण्याआधी



मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत मी लेकीच्या जुन्या वह्या रद्दीत देऊन टाकल्या. चार दिवसांनी ती कपाट धुंडाळत होती. म्हणाली, "आई, अंगणवाडीत असताना मी आजीचं चित्र काढलं होतं, ते कुठं आहे?" आजी आता नाही आणि ते चित्रही नाही. मला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून आज हा विषय.

चित्राचे वैरी चार: ऊन, ओल, कीड आणि चिकटपट्टी. उन्हानं रंग उडतो, स्केचपेनचा तर सगळ्यात आधी. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात मेणाचे खडूही मऊ पडतात आणि वरच्या कागदाला चिकटतात. म्हणून टिनाच्या छताखाली, माळ्यावर चित्रं ठेवू नका. उन्हाळ्यात कूलरची आणि पावसाळ्यात भिंतीची ओल लागली की कागदावर बुरशी येते. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्याचा डाग जात नाही. मेणाच्या खडूचं चित्र लॅमिनेशनला देऊ नका, मशीनच्या उष्णतेनं रंग पसरतो.

मग ठेवायचं कसं? साडीचा नाहीतर मिठाईचा कोरडा, स्वच्छ खोका घ्या. चित्राची घडी घालू नका, घडीवरच कागद फाटतो. दोन चित्रांमध्ये एक कोरा पांढरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, ते लवकर पिवळं पडतं आणि शेजारच्या कागदालाही डाग देतं. खोका जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, म्हणजे वाळवीची भीती कमी. वर्षातून दोनदा उघडून सावलीत वारा द्या.

सदरजवळच १८६३ साली सुरू झालेला आपला अजब बंगला आहे. संग्रहालयात वस्तूजवळ चिठ्ठी असते, म्हणून ती कुठली, कधीची ते कळतं. आपणही चित्रामागे पेन्सिलीनं हलकेच लिहू: नाव, वय, तारीख. "हे काय काढलं?" असं न विचारता "यात काय काय आहे, सांग ना" असं म्हणा. पोर जे सांगेल ते एका ओळीत लिहा. पुढं तीच ओळ चित्राइतकी मोलाची वाटेल.

सगळंच ठेवणं होत नाही. वर्षाला दहा चित्रं पोरालाच निवडू द्या. बाकीच्यांचा सावलीत मोबाईलवर फोटो काढा. अंगणातली रांगोळी, तान्ह्या पोळ्याला सजवलेला लाकडी बैल यांचेही फोटो असू द्या. टाकायचं असेल ते पोराला विचारूनच टाका.

लावायला फ्रेमच हवी असं नाही. खिडकीसमोर नसलेल्या भिंतीवर सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं अडकवा. दर महिन्याला बदला. पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा, म्हणजे त्यालाही आपलं काम दिसेल.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक चित्र आणा. भिंतीवर सुतळी बांधू. नंबर काढायचा नाही, बक्षीसही नाही. पोरांना बोलवायचं आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं, एवढंच.

माझ्या लेकीनं आजीचं चित्र पुन्हा काढलं आहे. मागं तिनंच लिहिलं, "आजी, आठवणीतली." ते आता खोक्यात सगळ्यात वर आहे.