पुस्तक पारखून घ्यावे की मागवून?

भोपाळ शहराच्या पूर्वेस, विजेची अवजड यंत्रे घडविणाऱ्या भेलच्या कारखान्यालगत अवधपुरी ही वसाहत आहे. पोटापाण्यासाठी या हिंदी मुलखात आलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना एक उणीव सतत जाणवते. मुलांची शाळेची पुस्तके येथील दुकानांत हवी तितकी मिळतात. परंतु घरी सर्वांनी मिळून वाचावे असे मराठी पुस्तक हवे झाले, म्हणजे मोबाईलवरून मागविण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते.

सवलतीचा आकडा पाहून मन मोहते, हे आम्ही नाकारीत नाही. अशाच मोहाने आम्ही गेल्या वर्षी मराठी बायबल मागविले. किंमत अल्प, बांधणी सुबक. रात्री रोझरी झाल्यावर मुलीला तोबिताची कथा वाचावयास सांगितली, तर ती नुसती पाने उलटीत राहिली. तो ग्रंथ त्या प्रतीत नव्हताच! कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या प्रतीत सामान्यतः ६६. तोबित, यहुदिथ, मक्काबी हे ग्रंथ तीत नसतात. दोष विक्रेत्याचा नव्हे, आमचाच. दुकानात उभे राहून अनुक्रमणिका चाळली असती, आरंभीच्या पानांत धर्माध्यक्षांची अनुज्ञा शोधली असती, तर ही फसगत टळली असती. चित्रावरून वेष्टन दिसते, आतले पान दिसतेच असे नाही.

तथापि दुकान दूर असले तरी उपाय अगदीच नाही असे नव्हे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. शैक्षणिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तके तिच्याद्वारे पाठविता येतात. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे तिचे दर आरंभी ठरले, कर निराळा. गठ्ठा भूमार्गाने येतो, म्हणून थोडा धीर धरावा लागतो. पण ३०० ग्रॅमची पंधरा पुस्तके एकत्र बांधली, तर या दराने दर पुस्तकामागे टपालखर्च आठ रुपयांच्याही आत येतो. एकट्या घराला पंधरा पुस्तके कशाला हवीत? पाच घरांना मात्र ती सहज हवी असतात.

म्हणून आम्ही पाच कुटुंबांनी यादी केली आहे. सुटीत वसईस जाणारे आमचे एक स्नेही दुकानात बसून प्रत्येक पुस्तक चाळून घेतील व गठ्ठा तेथूनच टपालात टाकतील. यादीतील पहिली ओळ आमच्या मुलीच्या हातची आहे: बायबल, तोबितासह.