लाखोरीची डाळ आणि धुरावरची मासळी

गोसीखुर्द हे पवनी तालुक्यातील, वैनगंगेच्या काठचे गाव. १९८८ साली येथे मोठ्या धरणाची पायाभरणी झाली व गावाचे नाव सर्वत्र झाले. परंतु आज आम्ही वाचकांपुढे धरण नव्हे, तर या भागातील बांधी व नदी या दोहोंच्या देण्यातून होणारे एक कालवण मांडीत आहोत.

धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोरीचे बी फेकतात. धानाची कापणी झाल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते. त्यास नांगरट नको की पाणी नको. म्हणून ही गरिबाची डाळ होय. पण तिच्यात एक विषारी द्रव्य असते. १८२९ नंतर सागर प्रांतात गव्हाची पिके बुडाली, तेव्हा लोक लाखोरीवरच जगले. आणि १८३३ पासून तेथील तरुणांचे पाय लुळे पडू लागले, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेविले आहे. हे द्रव्य १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे काढून दाखविले. ही डाळ जेव्हा दोन-तीन महिने मुख्य अन्न होऊन बसते, तेव्हा हा रोग होतो. आणि एकदा लुळे पडलेले पाय पुन्हा बरे होत नाहीत.

मग ही डाळ खावी तरी कशी? हे विषारी द्रव्य पाण्यात विरघळते, हे ध्यानात ठेविले म्हणजे पुढील कृती समजेल.

पाव किलो डाळ निवडून धुवावी. तिच्यावर भरपूर कढत पाणी ओतून दोन तास झाकून ठेवावी व ते पाणी फेकून द्यावे. नव्या पाण्यात एक उकळी आणून तेही पाणी ओतून टाकावे. त्यानंतर तिसऱ्या पाण्यात डाळ मऊ शिजवावी. पाणी टाकण्याचा कंटाळा करू नये. सारा गुण त्यातच आहे.

चुलीवर टांगून धुरावर वाळविलेली लहान मासळी वाटीभर घ्यावी. वाळविल्याने तिच्यातील पाणी जाते व धुरातील द्रव्ये तिला कुजू देत नाहीत. त्यामुळे ती पुष्कळ दिवस टिकते. तिची डोकी काढून ती कोरड्या तव्यावर भाजावी व कढत पाण्याने धुवावी. मग जवसाच्या तेलात कांदा, लसूण, हळद व तिखट परतून त्यात मासळी घालावी. वरून डाळ, चिंचेचा कोळ व मीठ घालून मंद आचेवर पाव तास शिजू द्यावे.

हे कालवण भाताबरोबरच खावे. लाखोरीत गंधकयुक्त पोषक द्रव्ये थोडी असतात. ती भातातून व मासळीतून मिळतात आणि रोगाचा धोका कमी होतो. रतन, प्रतीक अशा कमी विषाच्या जातीही आता निघाल्या आहेत. परंतु नुसत्या दिसण्यावरून डाळीची जात ओळखता येत नाही. म्हणून पाणी टाकण्याचा नियम सर्व डाळीस लावावा.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. अवर्षणात धान गेले तरी लाखोरी तग धरते, आणि खरा धोका त्याच वर्षी असतो. त्या वर्षी मुलांच्या ताटात रोज केवळ हीच डाळ पडू देऊ नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, घरी ही डाळ शिजत असेल तर पहिले पाणी टाकले की नाही, हे आईला अवश्य विचारा.