आजीच्या वाटणीचं काम

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सत्तरीपुढच्या बाईला ‘काय होतंय?’ असं विचारलं, की उत्तरं ठरलेली असतात. गुडघे, कंबर, झोप, गॅस. केसपेपरवर ती लिहून होतात, गोळ्याही ठरतात. मग मी आणखी एक प्रश्न विचारते : ‘आजी, दिवसभर घरी काय करता?’ यावर साधारण दोन प्रकारची उत्तरं येतात, आणि त्यातून मला पुष्कळदा रक्तदाबाच्या आकड्याहून जास्त कळतं.

पहिलं उत्तर लांबतं. ‘काय करणार बाई, सकाळी देवाला फुलं काढते, भाजी निवडून देते, नातीची वेणी घालते. ती कुठली एका जागी बसतेय! दुपारी लसूण सोलत टीव्ही बघते. रात्री दूध विरजते, त्याला मात्र कुणाला हात लावू देत नाही.’ सूर तक्रारीचा असतो, पण चेहरा फुललेला असतो. दुसरं उत्तर अगदी छोटं असतं, आणि बहुतेक वेळा आजी ते देतच नाही. सोबत आलेला मुलगा अभिमानाने देतो : ‘आम्ही काहीच करू देत नाही तिला. फुल आराम.’

मला या दुसऱ्या आजीची काळजी जास्त वाटते.

मुलाचा हेतू चांगलाच असतो. आईने जन्मभर खस्ता खाल्ल्या, आता तिने बसून खावं, असं त्याला मनापासून वाटतं. पण शरीराला ही भाषा कळत नाही. 2007 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ठणठणीत प्रकृतीच्या 12 वृद्धांना 10 दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं. आजार नव्हता, खाणंपिणं व्यवस्थित होतं. तरीही तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांतले स्नायू सरासरी जवळजवळ एक किलोने कमी झाले. घरची आजी काही 10 दिवस सलग पडून नसते, हे खरं. पण पलंग, खुर्ची आणि टीव्ही एवढ्यातच दिवस फिरू लागला, तर घसरण हळू होते एवढंच. खाली बसून मेथी निवडणं आणि ओट्याचा आधार घेत उठणं, कणीक मळणं, धुतलेलं लुगडं झटकून दोरीवर टाकणं यांना आम्ही व्यायाम म्हणत नाही. आमच्या फिजिओथेरपी विभागात मात्र नेमक्या याच हालचाली पुन्हा शिकवाव्या लागतात, आणि त्यासाठी बाईला रिक्षा करून यावं लागतं.

स्नायूंचं एक झालं. मनाचं काय होतं, ते अधिक गुंतागुंतीचं आहे.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांचा 1976 सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, हे तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोप निवडू दिलं आणि त्याची निगा त्यांच्याकडेच ठेवली. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनाही रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालतील, तुम्ही निश्चिंत राहा, असं सांगितलं. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हालचाल करणारी, जास्त बोलकी आणि आनंदी दिसू लागली. प्रयोग लहान होता आणि पुढे त्यातल्या मृत्यूच्या आकडेवारीच्या गणितात दुरुस्तीही करावी लागली. म्हणून त्यावरून ‘रोप लावा, आयुष्य वाढवा’ असं काही मी सांगणार नाही. पण रोप दोन्ही मजल्यांवर होतं आणि फरक पाणी कोण घालतं यात होता, ही गोष्ट आपल्या घरांना चपखल लागू पडते. तुळशीला पाणी आजीने घालायचं की कामवाल्या बाईने, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

नातवंडं म्हणजे दुधावरची साय, असं आपण म्हणतो. विज्ञानाने या सायीकडे बऱ्याच गंभीरपणे पाहिलं आहे. मूळ कोडं असं, की बहुतेक प्राण्यांत माद्या जवळजवळ शेवटपर्यंत प्रजननक्षम राहतात. माणसात मात्र पाळी पन्नाशीच्या आसपास थांबते आणि बाई पुढे वीस-तीस वर्षं जगते. निसर्गाने ही वर्षं कशासाठी राखली? क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी टांझानियातल्या हादझा या शिकारी-संकलक समाजात राहिले, तेव्हा त्यांना म्हाताऱ्या बायका दिवसभर जमिनीतून कंदमुळं खणताना दिसल्या. आईच्या कडेवर नवं तान्हं आलं, की आधीच्या मुलांचं अंगी लागणं आजीने आणलेल्या अन्नावर अवलंबून असायचं. यातून ‘आजी सिद्धांत’ पुढे आला. त्यावर वाद आहेत, पण पुरावेही आहेत. फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कुटुंबांच्या नोंदी तपासून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पन्नाशीनंतर आजी जितकी वर्षं जगली त्यातल्या दर 10 वर्षांमागे तिला सरासरी 2 नातवंडं जास्त झाली. आपल्याकडे लेकीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळणाऱ्या आणि बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या बाईला या कोड्याचं उत्तर ठाऊकच होतं म्हणा. (बाळाच्या नाका-कानात तेल घालायचं मात्र नाही, आजी. हे मी प्रत्येक वेळी सांगते.)

आणखी एक अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेतल्या जेम्स रिलिंग यांच्या गटाने 2021 साली 50 आज्यांना एमआरआय यंत्रात झोपवून फोटो दाखवले. नातवंडाचा फोटो पाहताना मेंदूतले असे भाग उजळले, जे समोरच्याची भावना आपल्यालाच झाल्यासारखी जाणवण्याशी निगडित आहेत. मूल हसत असेल तर त्याचं हसू तिला आतून जाणवत असावं, रडत असेल तर रडूही. त्याच आज्यांना पोटच्या मुला-मुलीचा फोटो दाखवला, तेव्हा समोरचा काय विचार करतोय हे ताडण्याशी संबंधित भाग जास्त कामाला लागले. नातवाबरोबर जाणवायचं आणि मुलाचं मात्र समजून घ्यायचं. ज्या घरात आजी, मुलगा आणि नातू एका ताटाभोवती बसतात, तिथल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटू नये.

आता इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण या माहितीचा सोयीस्कर अर्थ लावला जातो. मुलगा-सून दोघं नोकरीला, म्हणून तान्हं मूल सकाळी आठ ते रात्री आठ आजीच्या गळ्यात. वर स्वयंपाक आणि दूध-भाजी. ‘आईला नातवाचा विरंगुळा आहे’ असं मला सांगितलं जातं, तेव्हा मी त्या आईच्या मनगटाकडे आणि पाठीकडे बघते. मेलबर्नमध्ये उतारवयातल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात, आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी सर्वांत चांगली होती, तर पाच दिवस किंवा त्याहून जास्त सांभाळणाऱ्यांची एका चाचणीत घसरलेली दिसली. एका अभ्यासावरून घराचं वेळापत्रक आखू नये. आणि आपल्याकडे आजी तशीही सातही दिवस घरातच असते. पण ‘आज मला होणार नाही’ असं म्हणायची मुभा तिला आहे का, हे घराने स्वतःला विचारावं. काम नाकारता येत असेल, तरच ते आवडीने केलं जातं. सगळं काढून घेणाऱ्या घरात आणि सगळं लादणाऱ्या घरात या एका बाबतीत साम्य आहे : तिला विचारलेलं नसतं.

वैद्यकशास्त्रात वृद्धांची घरकामाची क्षमता मोजायची एक पद्धत आहे. लॉटन आणि ब्रॉडी यांनी ती 1969 साली मांडली. फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, कपडे, औषधं घेणं, पैशांचा हिशेब, असे आठ मुद्दे. गंमत अशी, की पूर्वी पुरुषांना त्यातले पाचच विचारत. स्वयंपाक, आवराआवर आणि कपडे धुणं त्यांच्यासाठी वगळलेलं असे. असो. मुद्दा हा, की स्वयंपाकघर ही आमच्या आधीची तपासणीची खोली आहे. चाळीस वर्षं डोळे झाकून केलेल्या पुरणाच्या पायऱ्या बाई विसरू लागली, आमटीत दोनदा मीठ पडू लागलं, दूध उतू गेल्याचं लक्षातच येईनासं झालं, तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. कधी ते स्मृतिभ्रंशाचं पहिलं लक्षण असतं. कधी नुसती बी-12ची कमतरता, थायरॉईड किंवा कुणीतरी सुरू करून दिलेली झोपेची गोळी निघते, आणि ती सुधारता येते. पदार्थ अचानक खारट होऊ लागले तर वास आणि चव कमी झाली असेल. फोडणीचा जळका वास तिला येतो का, एवढं बघितलं तरी कळतं.

त्याहून जास्त वेळा निसटतं ते नैराश्य. म्हातारपणी ते रडून दाखवत नाही. अंग दुखतं, भूक नाही, रात्री तीनला जाग येते, असं ते सांगतं. आणि आवडीची कामं एकेक करून सुटत जातात. पहाटे उठून देवघर पुसणारी बाई आंघोळच पुढे ढकलू लागते, नात शाळेतून आली तरी मान वळवत नाही, वाती वळायचा कापूस पिशवीतच राहतो. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तिला दाखवायला आणा. हा आळस नाही, हट्टही नाही, आणि यावर उपचार आहेत. येणं लगेच जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा फोन क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.

काम हातून सुटण्यामागे पुष्कळदा साधं शारीरिक कारण असतं. एक आजी तांदूळ निवडायच्या बंद झाल्या होत्या. घरी वाटलं, सुनेवर रुसल्या. दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू होते. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते, तरी आम्ही तपासेपर्यंत दोन वर्षं गेली होती, कारण खडे लागतात म्हणून भात खाताना सगळेच कुरकुरत होते, पण त्यांना खडे का दिसत नाहीत हे कुणी विचारलं नव्हतं. कानांचं तर आणखी वाईट. ऐकू कमी आलं, की घरातले लोक आधी मोठ्याने बोलतात, मग कमी बोलतात. जेवताना सगळे हसले आणि आजीने ‘काय झालं गं?’ विचारलं, की उत्तर येतं : ‘काही नाही, आई.’ दिवसातून चार वेळा हे ‘काही नाही’ ऐकणारी बाई हळूहळू आपल्या खोलीत जाऊन बसते. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने केली आहे, तिच्यात कमी ऐकू येणं आधीपासून आहे, 2024 साली उपचार न केलेलं अधू दिसणंही तिच्यात आलं. कानाच्या मशीनची लाज बाळगू नका. ते लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज असह्य वाटतो, मशीन कपाटात जातं. तेवढे दिवस घराने धीर धरावा.

पडण्याची भीती हे काम काढून घेण्याचं दुसरं मोठं निमित्त. भीती रास्त आहे. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं अवघड होतं. पण उपाय मोरीत करायचा असतो. ओली फरशी, घसरणारं पायपुसणं, रात्री अंधारात सापडणारा उंबरा, सैल चप्पल, एवढं आधी बघा. संडासाजवळ भिंतीला एक पक्की दांडी बसवा. ओट्याशी उभं राहवत नसेल तर पाठ असलेली भक्कम खुर्ची द्या, विळीऐवजी टेबलावर चाकू-पाट द्या. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढणं तेवढं कायमचं बंद.

आणि काहीच करता येत नाही अशी अवस्था फार थोड्यांची असते. माझ्या माहितीतल्या एका आजींना काचबिंदूमुळे आता फक्त उजेड-अंधार कळतो. गुडघ्यांमुळे चालणंही पलंगापासून मोरीपर्यंतच. त्यांचा पलंग घरच्यांनी आतल्या खोलीतून हलवून स्वयंपाकघराच्या दाराशी आणला आहे. रोज सकाळी नातसून आणि नातू डब्याच्या घाईत असतात. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आजींकडे. भाताला किती, डाळीला किती, हे त्या ठरवतात, आणि हरभरे भिजत घातले होते का, हे आदल्या रात्री विचारून ठेवतात. तिसरी शिट्टी झाली की आतून आवाज येतो, ‘बंद कर गं’, आणि गॅस बंद होतो.