करारातलं पहिलं कलम

'वाटाघाटी' हा शब्द आपण बातम्यांत नेहमी ऐकतो. वाटाघाटी फिसकटल्या, वाटाघाटी यशस्वी झाल्या, वाटाघाटींची पुढची फेरी अमुक तारखेला. पण बंद दाराआड नेमकं काय चालतं, हे बाहेरच्यांना फारसं कळत नाही. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो. बी.ए. झालेला आणि बऱ्यापैकी मराठी लिहिणारा, म्हणून लोक माझ्याकडून रजेचे, कर्जाचे अर्ज लिहून घेऊ लागले. अर्ज लिहिता लिहिता मी युनियनच्या कमिटीवर गेलो, आणि गेली वीसेक वर्षं दर कराराच्या वेळी टेबलाच्या कामगारांकडच्या बाजूला बसतो आहे. कविता करणारा माणूस या रुक्ष कामात काय करतो, असं मला पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर बोलण्याच्या ओघात येईलच.

आधी साधा प्रश्न. प्रत्येकानं आपापला पगार स्वतः ठरवून का घेऊ नये? त्यासाठी युनियन कशाला हवी? याचं उत्तर मला पुस्तकाआधी मिरकरवाडा बंदरावर मिळालं. तिथं लिलावात भाव पडला, तर मासळीवाला थोडी मासळी बर्फात ठेवू शकतो. एक दिवस, दोन दिवस थांबू शकतो. मजुरीला बर्फ नाही. आजचा न विकलेला दिवस उद्या विकता येत नाही, तो गेला तो गेला. घरात चूल पेटायची असेल, तर एकट्या माणसाला मिळेल त्या भावाला हो म्हणावं लागतं. मालकाला मात्र थांबता येतं, कारण एक माणूस न आल्यानं त्याचा कारखाना बंद पडत नाही. चारशे माणसं एकत्र बोलली, की दोघांची थांबण्याची ताकद थोडीफार सारखी होते. सामूहिक सौदा म्हणतात तो एवढाच. इंग्लंडमध्ये बीट्रिस वेब यांनी १८९१ साली या व्यवहाराला नाव दिलं. व्यवहार त्याहून जुना आहे.

शब्दांचा नाद असल्यानं मला या टेबलावरचे शब्दही मौजेचे वाटतात. करार, मुदत, फरक हे अरबीतून आलेले. पगार पोर्तुगिजांकडून आलेला. आणि ज्या शब्दाला सगळे घाबरतात तो 'संप', शेजारच्या गुजरातीत त्याचा अर्थ एकी असा आहे. आपल्याकडे त्याला काम थांबवण्याचा अर्थ आला, पण मूळची एकी नसेल तर तो संप टिकत नाही, हे अनुभवी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो. आमच्याकडे करार साधारण तीन-चार वर्षांचा असतो. मुदत संपली म्हणून तो आपोआप मरत नाही. एका पक्षानं लेखी नोटीस देऊन ठरलेला काळ जाईपर्यंत जुनाच करार चालू राहतो. नोटिशीबरोबर आम्ही मागणीपत्र देतो. ते तयार करताना प्रत्येक खात्यात फिरावं लागतं. फाउंड्रीवाल्याला उष्णतेचा त्रास, पॅकिंगमधल्या बाईला बसायला स्टूल नाही, तिसऱ्या पाळीला एसटी मिळत नाही, कुणाच्या आईला दवाखान्याच्या योजनेत घ्यायचंय. साठ-सत्तर मागण्या जमतात. त्यांचे मी तीन ढीग करतो. या वेळी मिळालीच पाहिजे ती, मिळाली तर बरी ती, आणि पुढच्या करारासाठी आज पेरून ठेवायची ती. कुणाची मागणी कुठल्या ढिगात गेली, हे त्या माणसाला आधीच तोंडावर सांगणं, हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग. व्यवस्थापनाशी बोलणं त्यापुढे सोपं.

मग येतो हिशोब. पगारवाढ ऐकायला एकच असते, पण ती कुठल्या रकान्यात पडते यावर सगळं अवलंबून. समजा, महिना हजार रुपये वाढ ठरली. ती मूळ पगारात आली, तर ग्रॅच्युइटीच्या हिशोबात धरली जाते. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला या हजारामुळे निवृत्तीच्या वेळी ११,५३८ रुपये जास्त मिळतात. तेच हजार रुपये वेगवेगळ्या नावांच्या भत्त्यांत टाकले, तर हातात आज तेवढेच येतात आणि पुढचं निसटतं. म्हणून वर्षानुवर्षं व्यवस्थापन म्हणे, भत्ता घ्या. आम्ही म्हणू, मूळ पगारात घाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्त्यांसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. पण निम्म्यापर्यंतची पळवाट अजून उघडी आहे, म्हणून रकाना पाहायची सवय सोडू नये.

टेबलावर आरडाओरडा होतो अशी अनेकांची समजूत असते. होतो कधी कधी, पण त्यानं काम पुढे सरकत नाही. समोर बसलेला व्यवस्थापक हाही एका परीनं आमच्यासारखाच असतो. त्यालाही मुंबईच्या मुख्य कार्यालयाला जाऊन सांगायचं असतं, की इतके दिले आणि त्याबद्दल इतकं मिळवलं. त्याला सांगता येईल असं काहीतरी त्याच्या हातात द्यावं लागतं. उशिरा येणं कमी करू, यंत्र बदलताना जाणारा वेळ कमी करू, नवं काम शिकून घेऊ. मात्र शब्द देताना तो पाळता येईल एवढाच द्यायचा. या कामात माणसाची पत ही त्याची सगळी पुंजी असते. आणि गप्प बसायला शिकावं लागतं. समोरच्यानं आकडा सांगितला की लगेच बोलायचं नाही. चहा येईपर्यंत तो आकडा टेबलावर तसाच पडू द्यायचा. पुष्कळदा तो आपणहून थोडा वर सरकतो.

या वाटाघाटींनी काय मिळालं, असं कुणी विचारलं, तर मी रविवारची सुट्टी दाखवतो. आपण रविवारी निवांत बसतो, ती सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना कुणी आपणहून दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुट्टीची मागणी मांडली, हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या गिरण्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं किती होती, हे इथल्या गावोगावच्या घरांना ठाऊक आहे. कित्येक घरांची कौलं गिरणीच्या मनीऑर्डरीवर चढली.

त्याच गिरण्यांनी दुसरा धडाही दिला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्या पगाराच्या होत्या, पण गाठ बसली ती दुसऱ्याच प्रश्नापाशी. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मुंबईच्या सबंध कापड उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मानली जात होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार एकाच्या मागे उभे, आणि कायद्यानं बोलायचा हक्क दुसऱ्याला. टेबल होतं, पण खुर्चीवर कामगारांना हवा तो माणूस बसू शकत नव्हता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, आणि ट्रंका घेऊन माणसं कोकणात परतली. मी तेव्हा शाळेत होतो. वर्गात अचानक मुंबईहून आलेली नवी मुलं दिसू लागली होती.

म्हणून खुर्ची कुणाची, हा प्रश्न मी आकड्याच्याही आधी ठेवतो. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यानं मान्यतेसाठी किमान तीस टक्के सभासदांची अट घातली. नव्या औद्योगिक संबंध संहितेत हजेरीपटावरच्या एकावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटींचा हक्क आहे. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल, तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या युनियनची मिळून परिषद बसते. पण यातला 'हजेरीपट' हा शब्द नीट ऐका. ज्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर नाही, त्याचं काय?

इथं माझ्या कवितेचा उपयोग होतो. कराराचा मसुदा आला की सगळे शेवटच्या पानावरचा आकडा पाहतात. मी पहिलं कलम वाचतो. 'या करारात कामगार म्हणजे' अशी त्याची सुरुवात असते. एकदा मसुद्यात पुढचे शब्द होते, 'कंपनीच्या हजेरीपटावरील कायम कामगार'. म्हणजे माल चढवणारी, पॅकिंग करणारी, सफाई करणारी दीडशेच्या वर माणसं, जी रोज आमच्याच गेटातून आत येत होती, ती त्या कागदापुरती कामगार नव्हती. ती कंत्राटदाराची. त्यांना कँटीनमध्ये जेवण बाहेरच्या दरानं, सेफ्टी बूट स्वतःच्या पैशांचे, आणि अपघात झाला तर आधी कंत्राटदाराच्या मुकादमाला फोन, मग गाडी.

त्यांचा पगार आमच्या टेबलावर ठरवता येणार नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण कंत्राटदारानं सोयी दिल्या नाहीत, तर मूळ मालकानं त्या द्याव्यात, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. आम्ही एक पोटकलम लिहून नेलं, की कँटीन, सुरक्षेची साधनं आणि रुग्णवाहिका यांपुरतं कामगार म्हणजे 'कारखान्याच्या आवारात काम करणारी प्रत्येक व्यक्ती'. व्यवस्थापनानं दोन दिवस विचार केला आणि प्रस्ताव ठेवला. हे पोटकलम मागे घ्या, हजेरी भत्त्यात दरमहा दीडशे रुपये वाढवून देतो. कलम हवं असेल, तर दीडशे विसरा.

अशा वेळी कमिटीनं परस्पर हो म्हणायचं नसतं. आम्ही गेट सभा घेतली. पाऊस होता, छत्र्या धरून माणसं उभी. मी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगितल्या. एक फिटर पुढे आला आणि म्हणाला, "भाई, आमच्या ताटातलं काढून त्यांना वाढताय?" तो चिडण्यासारखाच प्रश्न होता. दीडशे रुपये म्हणजे मुलाचा महिन्याचा एसटीचा पास. मी भाषण केलं नाही. एवढंच विचारलं, की दहा वर्षांपूर्वी आपण किती कायम होतो आणि आज किती आहोत, मोजा. निवृत्त झालेल्याच्या जागी कायम माणूस भरलेला कुणी पाहिलाय का? आपण जितकी वर्षं त्यांना स्वस्त राहू देऊ, तितकी वर्षं आपली जागा त्यांच्याकडे जाणार. आज त्यांच्या बुटांबद्दल गप्प राहायचे दीडशे मिळतात. उद्या आपण एकावन्न टक्केसुद्धा उरणार नाही, तेव्हा आपल्याशी बोलेल कोण?

हात वर करून मतं घेतली. ठराव मंजूर झाला, पण थोडक्यात. तो फिटर विरोधातच राहिला, आणि त्याचा राग मला आजही गैर वाटत नाही. करार आम्ही कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर केला. त्यालाही कारण होतं. दोन पक्षांनी आपसात केलेला करार सही करणाऱ्यांपुरता बांधील असतो. समेट अधिकाऱ्यासमोर समेटाच्या कामात झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, उद्या लागणाऱ्यालाही. पुढच्या महिन्यात कँटीनला एकच दर लागला. बूट यायला दिवाळी उजाडली. कंत्राटी माणसांचा पगार होता तिथंच राहिला, आणि ती मागणी अजून माझ्या तिसऱ्या ढिगात आहे.

आपल्या जिल्ह्यात ज्यांना टेबलच नाही अशी माणसं पुष्कळ आहेत. आंब्याच्या बागा राखणारे आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जाणारे नेपाळी कामगार आपण रोज पाहतो. त्यांचा सौदा एकट्याचा असतो, हंगामापुरता आणि तोंडी. तो कुठल्या हजेरीपटावर नसतो, म्हणून कुठल्या टक्केवारीतही येत नाही. मिरकरवाड्यावर मासळीचा भाव दहा जणांसमोर पुकारला जातो. ती पकडून आणणाऱ्या खलाशाचा भाव कुणी मोठ्यानं बोलतही नाही.

तेव्हा श्रोत्यांना एकच सुचवतो. तुमच्या घरात कुणी कारखान्यात, एसटीत, बँकेत किंवा नगरपालिकेत नोकरीला असेल, तर त्यांच्या कराराची प्रत मागून घ्या. ती गुप्त नसते, युनियनच्या कार्यालयात मिळते. मिळाली की शेवटचं पान नंतर पाहा, पहिलं कलम आधी वाचा. 'कामगार म्हणजे' याच्या पुढे कोण कोण आहे आणि कोण राहिलं, ते बोटावर मोजा. जे राहिलं असेल, ते पुढच्या मागणीपत्रात घालायला सांगा.